वारशाचे दागिने आणि चार्म ब्रेसलेट : आठवणींसकट जपण्याची रीत

वडीलधाऱ्या माणसाच्या पश्चात दागिन्यांची पेटी उघडली जाते, तेव्हा मौल्यवान दागिन्यांची विभागणी बहुधा लवकर होते आणि पेटीच्या तळाशी काही वस्तू तशाच उरतात. जोडीदार हरवलेले एखादे कानातले, तुटलेल्या साखळीचा तुकडा, बोटे फिरवून फिरवून गुळगुळीत झालेले पदक, झाकण न मिटणारे लॉकेट, बाही बांधायचे एकच बटण. सराफाच्या तराजूत यांना फारसे वजन नसते. मात्र त्या माणसाच्या रोजच्या स्पर्शातल्या वस्तू अनेकदा याच असतात, आणि वापरता येत नाहीत म्हणून सर्वांत आधी मोडीत निघतात त्याही याच. अशा सुट्या, लहान आणि एकमेकींशी न जुळणाऱ्या वस्तूंना एकत्र नांदवणारा दागिना म्हणजे चार्म ब्रेसलेट; त्याच्या साखळीला लोंबणाऱ्या प्रत्येक लहान वस्तूला चार्म म्हणतात. वारशाने आलेल्या वस्तूंतून असे ब्रेसलेट कसे सिद्ध करावे, किंवा आधीपासून असलेले कसे सांभाळावे, हे येथे सविस्तर सांगितले आहे. या सर्व कामाचा क्रम माझ्या मते ठरलेला असावा : आधी वस्तूची हकीकत लिहून काढावी, मग तपासणी करावी, त्यानंतरच दुरुस्ती आणि जोडणी. हा क्रम उलटला की नुकसान भरून काढता येत नाही, कारण कारागीर तुटलेली कडी पुन्हा जोडू शकतो, पण विसरलेली हकीकत कोणालाही पुन्हा घडवता येत नाही.

मूळ वस्तूचीच ओढ का लागते, यावर मानसशास्त्रात लक्षवेधी काम झाले आहे. ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम यांनी 2008 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लहान मुलांना असे भासवले होते, की समोरचे यंत्र कोणत्याही वस्तूची हुबेहूब प्रत तयार करते. साध्या खेळण्याची प्रत घेण्यास मुले सहज तयार झाली. पण जी मुले रोज एखादे खेळणे किंवा पांघरूण जवळ घेऊन झोपत, त्यांच्यापैकी काहींनी ती वस्तू यंत्रात ठेवू देण्यासच नकार दिला, आणि ज्यांनी ती ठेवू दिली त्यांच्यापैकी बहुतेकांना परत मूळ वस्तूच हवी होती. दिसायला सारखी असलेली दुसरी वस्तू चालत नाही, कारण आपल्याला तिच्या रूपापेक्षा तिचा इतिहास हवा असतो. दागिन्याला हीच गोष्ट अधिक तीव्रतेने लागू पडते, कारण तो अंगावर वागवलेला असतो आणि त्याची झीज एका विशिष्ट माणसाच्या हालचालींमुळे झालेली असते.

चार्म ब्रेसलेटची घडण या इतिहासाला विशेष अनुकूल आहे, कारण ते एका दिवसात पूर्ण होत नाही. राणी व्हिक्टोरियाच्या संग्रहातील एका सोन्याच्या ब्रेसलेटला मीनाकाम केलेली नऊ हृदयाकृती लॉकेटे आहेत. 1840 साली पहिल्या मुलीच्या जन्मानंतर पहिले लॉकेट आले आणि 1857 साली नववे अपत्य जन्मले तोपर्यंत प्रत्येक मुलामागे एकेक वाढत गेले. प्रत्येकाचा रंग वेगळा आहे आणि प्रत्येकात त्या त्या मुलाच्या केसांची बट आहे. ब्रिटनचा माजी राजा आठवा एडवर्ड याची पत्नी, विंडसरची डचेस वॉलिस, हिच्या कार्तिए या फ्रेंच जवाहिऱ्यांच्या ब्रेसलेटला रत्नजडित नऊ क्रूस होते. 1934 ते 1944 या काळातले हे क्रूस, आणि त्यांच्या पाठीवर प्रसंग व तारखा कोरलेल्या. विवाहाची 3 जून 1937 ही तारीख त्यांत आहेच, पण आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेची आठवण म्हणूनही एक क्रूस आहे. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. समारंभांच्या तारखा कोठेतरी नोंदलेल्या असतातच. आजारपणातून उठल्याचा दिवस मात्र ज्याने तो काढला त्यालाच आठवतो, आणि आपले ब्रेसलेट रचताना अशाच प्रसंगांना आधी जागा द्यावी.

हकीकत लिहून काढणे

पहिले काम कागद आणि कॅमेऱ्याचे आहे. प्रत्येक वस्तूला एक क्रमांक द्यावा, ती वेगळ्या लहान पाकिटात ठेवावी आणि तोच क्रमांक वहीत लिहावा. छायाचित्र दोन्ही बाजूंनी घ्यावे, शेजारी मोजपट्टी ठेवावी आणि कोरलेली अक्षरे किंवा शिक्के असतील तर त्यांचे जवळून स्वतंत्र छायाचित्र घ्यावे. प्रकाश एका बाजूने तिरका पाडला तर झिजून पुसट झालेली अक्षरेही पुष्कळदा वाचता येतात.

त्यानंतर घरातील ज्येष्ठांशी बोलावे आणि बोलताना वस्तू त्यांच्या हातात द्यावी. नुसत्या प्रश्नाने जे आठवत नाही ते वस्तूचे वजन तळहातावर पडताच आठवते, हे कोणाही घरात अनुभवता येईल. प्रश्न मात्र नेमके असावेत. ‘या दागिन्याबद्दल काही सांगा’ असे म्हटले की ‘तुझ्या आजीचा आहे’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी हा तिला कोणी दिला, ती तो रोज घालत असे की काही विशिष्ट दिवशीच, तो कधी हरवून सापडला होता का, त्याची कडी कोणी बदलून घेतली, तिने तो घालणे कधी आणि का सोडले, असे विचारावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर अनेकदा सर्वांत लांब असते आणि ते न थांबवता ऐकून घ्यावे. संमती घेऊन फोनवर आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवला तर पुढच्या पिढीला शब्दांबरोबर ते सांगण्याची पद्धतही मिळते.

दोन नातेवाईक एकाच पदकाच्या दोन निरनिराळ्या हकीकती सांगतील. अशा वेळी कोण खरे याचा निवाडा करत बसू नये. दोन्ही हकीकती सांगणाऱ्याच्या नावासह व तारखेसह लिहाव्यात. कुटुंबातील जुनी छायाचित्रे मोठी करून पाहिली तर पुष्कळदा गळ्यातले किंवा मनगटावरचे तेच दागिने दिसतात आणि निदान अमुक वर्षी ही वस्तू घरात होती एवढे तरी निश्चित होते. जे अनुमान आहे त्यापुढे ‘अनुमान’ असे स्पष्ट लिहावे, कारण पन्नास वर्षांनी वहीतले प्रत्येक वाक्य सत्य म्हणूनच वाचले जाणार आहे.

तपासणी

दहापट मोठे दाखवणारे भिंग या कामाला पुरेसे आहे. साखळीच्या शेवटच्या कडीवर, फाशाच्या जिभेवर, पदकाच्या काठावर आणि अंगठीच्या आतल्या बाजूला शिक्के शोधावेत. 375, 585, 750 आणि 916 हे आकडे दर हजार भागांत शुद्ध सोने किती आहे ते सांगतात आणि ते अनुक्रमे 9, 14, 18 आणि 22 कॅरटचे निदर्शक आहेत. 925 हा आकडा स्टर्लिंग चांदीचा. ब्रिटिश बनावटीच्या चांदीवर चालणाऱ्या सिंहाची खूण असेल तर ती स्टर्लिंगची, आणि जहाजाच्या नांगराची खूण बर्मिंगहॅममध्ये तपासणी झाल्याची. शिक्का नसणे म्हणजे वस्तू खोटी असणे असे समजू नये, कारण लहान चार्मवर शिक्क्याला जागा नसते आणि दुरुस्तीत शिक्का असलेली कडी बदलली गेलेली असू शकते. लोहचुंबकाची चाचणी पुष्कळ लोक करतात, पण तिच्यावर फार विसंबू नये : सोने-चांदी चुंबकाला चिकटत नाही हे खरे असले तरी पितळ आणि तांबेही चिकटत नाही, आणि उलट अस्सल सोन्याच्या साखळीचा फासा आतल्या पोलादी स्प्रिंगमुळे चुंबकाकडे ओढला जातो.

मुलामा दिलेल्या वस्तूंबद्दल एक विनंती आहे. तपासणीत एखादे पदक पितळेचे निघाले म्हणून ते बाजूला टाकू नये. ज्याने ते आयुष्यभर घातले त्याला ते पितळेचे आहे हे बहुधा माहीत होते.

जुन्या खड्यांच्या पाठीमागे चमक वाढवण्यासाठी धातूचा पातळ वर्ख लावलेला असे आणि कोंदण मागून बंद असे. अशा दागिन्यात पाणी शिरले की वर्ख काळवंडतो आणि खडा कायमचा निस्तेज होतो. म्हणून मागची बाजू बंद असलेला कोणताही जुना खडा पाण्यात बुडवू नये. केस किंवा छायाचित्र असलेल्या लॉकेटलाही हाच नियम लागू आहे. लॉकेट उघडत नसेल तर चाकूच्या टोकाने उचकटू नये, कारण आत काय आहे हे आपल्याला ठाऊक नसते.

स्वच्छता, आणि ती कोठे थांबवावी

चांदी काळी पडते ती हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे. पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा थर तयार होतो. पॉलिशने घासल्यावर हा थर निघतो, पण थरात गुंतलेली चांदीही त्याबरोबर जाते, त्यामुळे दरवेळी वस्तू किंचित झिजते आणि कोरलेली अक्षरे उथळ होत जातात. म्हणून लकाकी येईपर्यंत घासण्याचा मोह आवरावा. खोलगट भागात राहिलेला काळेपणा नक्षी उठावदार करतो, आणि काही चार्म तर घडवतानाच मुद्दाम काळे केलेले असतात. पात्राच्या तळाशी ॲल्युमिनियमचा कागद घालून गरम पाण्यात खाण्याचा सोडा विरघळवण्याची घरगुती पद्धत रासायनिकदृष्ट्या योग्य आहे, कारण तीत सल्फाइडचे पुन्हा चांदीत रूपांतर होते. पण ती हा मुद्दाम आणलेला काळेपणाही काढून टाकते. तेव्हा खडे, मोती, मीना किंवा डिंकाने चिकटवलेला भाग नसलेल्या साध्या चांदीपुरतीच ती वापरावी.

सोन्याच्या साध्या वस्तूंना कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरतो. मोती, ओपल, फिरोजा आणि पाचू यांना ध्वनिलहरींनी दागिने स्वच्छ करणाऱ्या अल्ट्रासोनिक यंत्रात कधीही घालू नये. पाचूच्या सूक्ष्म भेगा बहुधा तेलाने भरलेल्या असतात आणि ते तेल यंत्रात निघून जाऊ शकते. मोती मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेटचा असल्याने आम्ल, घाम आणि अत्तर यांनी त्याचे पाणी उतरते. तो ओलसर मऊ कापडाने पुसावा, एवढेच.

जोडणी

येथे एक तत्त्व मी आग्रहाने मांडतो : जे उद्या पूर्ववत करता येईल तेच आज करावे. नाण्याला भोक पाडण्याऐवजी त्याच्या काठाला धरून ठेवणारी चौकट करून घ्यावी. कानातल्याचा हूक कापण्याऐवजी त्याच हुकातून कडी घालावी, आणि कापणे अटळ असेल तर कापलेला तुकडा क्रमांक घालून जपावा. अंगठी मोडून तिचा खडा काढण्यापेक्षा ती अंगठी आख्खीच कडीतून लोंबू द्यावी. ती सुंदर दिसते आणि पुढे कोणाच्या बोटात बसली तर परत अंगठी होते.

पायाची साखळी ओझे पेलणारी हवी. तिच्या कड्या झाळून बंद केलेल्या असाव्यात, नुसत्या वाकवून मिटवलेल्या नसाव्यात. चार्म वाढत जातात तसे वजन वाढते आणि ते सगळे फाशावर येते. म्हणून भक्कम फाशाबरोबर एक बारीक सुरक्षा-साखळीही जोडावी, म्हणजे फासा अचानक निसटला तरी ब्रेसलेट मनगटावरच राहते. लांबी ठरवताना मनगटाच्या घेरात दीड ते दोन सेंटिमीटर मिळवावेत. त्याहून सैल ब्रेसलेट हातावरून खाली घसरते आणि चार्म कोठेही अडकतात.

जोडण्यापूर्वी साखळी टेबलावर सरळ पसरावी, तिला पीळ नाही याची खात्री करावी आणि सर्व चार्म कड्यांच्या एकाच बाजूला लावावेत. एवढी साधी दक्षता न घेतल्याने काही चार्म वर आणि काही खाली वळलेली, सतत गुंतणारी ब्रेसलेटे पुष्कळ पाहण्यात येतात. जोडकडी उघडताना तिची दोन टोके बाजूंना ओढून फाकवू नयेत. दोन पक्कडींनी एक टोक पुढे आणि एक मागे असे फिरवावे, म्हणजे गोलाई बिघडत नाही आणि मिटवल्यावर टोके नेमकी जुळतात. वारशाची वस्तू जिच्यावर लटकणार ती कडी मात्र शेवटी झाळून घ्यावी. झाळण्याच्या आचेने केस, छायाचित्र, मोती किंवा डिंक यांची हानी होते, म्हणून अशा वस्तूच्या शेजारी काम असेल तर कारागिराला तसे आधी सांगावे. जेथे लेझर वेल्डिंगची सोय आहे तेथे उष्णता अगदी लहान बिंदूपुरती राहते आणि धोका बराच घटतो.

कोण कोणाशेजारी लटकणार याचा विचार सौंदर्याइतकाच काठिण्याचाही आहे. मोहस् मापनश्रेणीत हिरा 10, माणिक आणि नीलम 9, स्फटिक 7, ओपल साधारण 6 आणि मोती जेमतेम 3 च्या आसपास असतो. अंबर त्याहूनही मऊ. हिऱ्याची अंगठी मोत्याच्या लोलकाशेजारी लावली तर काही महिन्यांतच मोत्यावर ओरखडे दिसू लागतील. मऊ वस्तूच्या दोन्ही बाजूंना गुळगुळीत धातूचे चार्म असावेत, आणि जो भाग टेबलावर टेकतो, म्हणजे मनगटाची आतली बाजू, तेथे नाजूक काहीच असू नये.

मांडणी काळानुसार करावी की माणसानुसार, हे ज्याचे त्याने ठरवावे. फाशापासून सुरुवात करून सर्वांत जुन्या व्यक्तीची वस्तू प्रथम, असा क्रम लावला तर ब्रेसलेट दाखवताना सांगणे आपोआप ओघाने येते. काही कड्या मात्र अवश्य रिकाम्या ठेवाव्यात. दुकानातून एकदम दहा-बारा चार्म विकत घेऊन त्या भरून टाकण्यात मला काहीच अर्थ दिसत नाही. नवा चार्म काही घडल्यावरच यावा, आणि त्याच्या पाठीवर निदान वर्ष तरी कोरलेले असावे.

वापर आणि साठवण

ब्रेसलेट घालावे. तिजोरीत ठेवलेल्या दागिन्याला पुढची पिढी ओळखतच नाही, आणि मोती व ओपल यांना तर अतिशय कोरड्या जागी दीर्घकाळ बंद राहणे मानवतही नाही. मात्र झोपताना, घरकाम करताना, फिरत्या भागांच्या यंत्राजवळ आणि तान्ह्या बाळाला घेताना ते काढून ठेवावे. पोहण्याच्या तलावात तर नेऊच नये, कारण क्लोरीनमुळे कमी कॅरटच्या सोन्याच्या कड्या आणि सांधे ठिसूळ होऊन तडकतात.

ठेवताना ते सपाट, मऊ कापडावर ठेवावे. पीव्हीसीच्या पिशव्या कालांतराने धातूला बाधक वायू सोडतात, म्हणून पॉलिथिनच्या पिशव्या वापराव्यात. रबरबँड आणि लोकर यांत गंधक असल्याने ती चांदीजवळ नकोत. वर्षातून एकदा भिंगाखाली प्रत्येक जोडकडी पाहावी. वरच्या टेकीच्या जागी तिची जाडी निम्म्यावर आली असेल तर ती बदलून घ्यावी.

विभागणी आणि मोड

एका ब्रेसलेटवर हक्क सांगणारी भावंडे अनेक असतील तर विक्रीयोग्य किमतीची यादी आणि मनातल्या इच्छेची यादी या दोन निरनिराळ्या कागदांवर असाव्यात. किमतीचा हिशेब मूल्यांकनाच्या आधारे इतर मालमत्तेशी मिळवून घेता येतो. इच्छेच्या यादीत मात्र प्रत्येकाने आपल्याला कोणती वस्तू का हवी हे एका वाक्यात लिहावे आणि सर्वांनी ते एकत्र वाचावे. दोघांना एकच वस्तू हवी असते असे आपण धरून चालतो, पण प्रत्यक्षात ज्याची त्याची आठवण वेगवेगळ्या वस्तूला बिलगलेली असते. चार्म ब्रेसलेटची सोय ही, की ते सोडवून प्रत्येकाला एकेक चार्म देता येतो आणि तरीही कशाचीही मोडतोड होत नाही.

त्याहून चांगले म्हणजे ज्याच्या मालकीचे आहे त्याने स्वतःच लिहून ठेवणे. राणी व्हिक्टोरियाने वर सांगितलेले ब्रेसलेट कुटुंबात पुढे न देता विंडसर येथील दालनात ठेवावे, अशी इच्छा नोंदवून ठेवली होती. आपल्याकडे दालन नसले तरी कागद असतो, आणि स्थानिक कायद्यानुसार केलेल्या मृत्युपत्रात ‘माझे दागिने’ असे मोघम लिहिण्याऐवजी वस्तूचा वहीतला क्रमांक आणि घेणाऱ्याचे नाव लिहिता येते.

काही वस्तू वितळवाव्या लागतातच. तसे करताना हे लक्षात ठेवावे, की मोड दिलेले सोने बहुधा इतर सोन्यात मिसळते आणि नव्या दागिन्यात परत येणारे सोने तेच असेल असे नाही. तेच सोने हवे असेल तर ते स्वतंत्र वितळवून त्यातूनच घडवण्याचे काम कारागिराकडून आधी स्पष्टपणे ठरवून घ्यावे, शक्य असल्यास समोर उभे राहून करवून घ्यावे, आणि मूळ दागिन्याची एक कडी किंवा फासा न वितळवता नव्यात जसाच्या तसा बसवून घ्यावा.

एखादा चार्म हरवला तर वहीतील छायाचित्रे आणि मापे यांवरून कुशल कारागीर त्याची प्रतिकृती घडवू शकतो. ती करवून घेणे किंवा ती कडी रिकामी ठेवणे, दोन्ही योग्य आहे. पण प्रतिकृती केली तर तिच्या पाठीवर ती घडवल्याचे वर्ष कोरावे आणि वहीत मूळ वस्तूच्या क्रमांकापुढे ती कधी व कोठे हरवली हे लिहावे, म्हणजे पुढे ते ब्रेसलेट ज्याच्या हाती जाईल त्याला कोणती वस्तू जुनी आणि कोणती नंतरची हे विचारायला कोणी नसले तरी कळेल.